कोअर खात्याच्या अडतीस जणी

९ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तर म्हणाली, "पुरे, पाठ झालं माझं. त्याला विचार, खोकला गेला का." तर सांग, खोकला गेला का?

इकडची हकीकत ऐक. आपल्या फाउंड्रीच्या मागच्या मोकळ्या जागेत तोफगोळ्यांची शेड उभी राहिली. दोन पाळ्या सुरू झाल्या. तुझे दाजी लेथवरून तिकडे गेले, ओव्हरटाइम मिळतो, त्यामुळे घरात असतात तेव्हा फक्त घोरतात. फाटकासमोर चहाच्या तीन टपऱ्या झाल्या आणि तिघांचंही दूध सारखंच पातळ आहे. खरं सांगते, आमच्या गावात आता संध्याकाळी कुणी रिकाम्या हाताने घरी जात नाही. भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरतो, आणि पोरांच्या पायात नवे बूट दिसतात. गावाला तरतरी आली आहे.

आमच्या कोअर खात्यात थोडं कमी काम आहे, पण चाललंय. चष्मेवाल्या मावशी अजून सगळ्यांवर ओरडतात आणि पंपाच्या साच्यात पोकळीसाठी ठेवायचा वाळूचा कोअर अजून त्यांचाच सगळ्यात सुबक निघतो. आईचे गुडघे बरे आहेत.

तुझ्या त्या मोठ्या अहवालाचं काय झालं? नियोजन खात्यात बसून नुसती झाडाखालची खुर्ची गरम करू नकोस.

तुझी ताई


२० जानेवारी

ताई,

खोकला गेला. झाडाखाली नाही, जिन्याखाली बसतो. माझ्या टेबलावरून वरच्या साहेबांचे फक्त बूट दिसतात. कोण रागावून चाललंय ते मला आता बुटांवरून कळतं.

पत्र वाचून हसलो आणि मग पुन्हा वाचलं. आपल्या घरची पत्रं कशी वाचायची ते मला शिकवू नकोस. आईचा नियमच आहे, दूरच्या माणसाला वाईट काही कळवायचं नाही, त्याला तिथून काही करता येत नाही. बाबांचा पाय मोडला तेव्हा मला वसतिगृहात पत्र आलं होतं, "बाबा सध्या विश्रांती घेत आहेत." तेव्हा आता सांग, "थोडं कमी काम" म्हणजे नक्की किती? आणि आईचे गुडघे बरे आहेत म्हणजे ती जिना चढते का?

अहवालाचं विचारलंस. सत्तावीस गरीब देशांची तीस-तीस वर्षांची कागदपत्रं उलथून झाली. प्रश्न एकच होता, लष्करावर खर्च वाढवला की देश पुढे जातो की मागे पडतो. सगळ्याच ठिकाणी उत्तर सारखं येत नाही, हे आधी कबूल करतो. पाच देशांत दोन्ही गोष्टी बरोबर वाढल्या. पण त्या पाचांपैकी तिघांकडे तेल होतं आणि दोघांना बाहेरून मदत येत होती. बाकी बावीस ठिकाणी पहिली दोन वर्षं छान दिसतात. भरती होते, दुकानं चालतात. मग परदेशातून यंत्रं आणण्यात देशाचं परकीय चलन जातं, रस्ते, शाळा, पाणी यांची कामं पुढच्या वर्षावर ढकलली जातात, आणि ते पुढचं वर्ष काही येत नाही. तुझ्या भाषेत सांगायचं तर पंप बसला की वीस वर्षं पाणी देतो, त्यावर शेत पिकतं, कुणी धंदा काढतो. तोफगोळा कोठारात पडून राहतो नाहीतर फुटतो. कुलूप घराला हवंच, मी नाही म्हणत नाही. पण सगळा पगार कुलपांवर घालवला तर आत राखायला काय उरणार?

आणि खरी मेख वेगळीच आहे. सीमेवर पाखरूही हललेलं नाही. निवडणूक जवळ आली की भाषणांतून तोफा सुरू होतात, एवढंच. हे सगळं मी सहाव्या प्रकरणात लिहिलंय.

खरं काय ते लिही.

धाकटा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

पकडलंस. तर आता आईच्या नकळत लिहिते.

कोअर खातं आठवड्यातून दोन दिवस चालतं. बाकीचे दिवस आम्ही एक्केचाळीस जणी भट्टी झाडतो आणि वाळू चाळतो. तीच वाळू, आणखी किती चाळणार! वरच्या वस्तीच्या पाणी योजनेचे साठ पंप आमच्याकडे होते. बावीस झाले आणि पत्र आलं, बाकीचे थांबवा, निधी वळवला आहे. बसवलेल्या नळांना अजून पाणी आलेलं नाही. पोरं त्यांना लोंबकळून झोके घेतात. वरच्या वस्तीत टँकर येतो, तीन दिवसांनी, आणि आईला पाणी लागतं म्हणून मी तिथे रांगेत उभी राहून आले आहे. हो, आई आता जिना चढत नाही.

तोफगोळ्यांच्या शेडमधली सगळी यंत्रं बाहेरच्या देशातून आली. बिघडलं की त्यांचाच माणूस येतो, तोपर्यंत दाजी हात बांधून उभे. ऑर्डर आठ महिन्यांची आहे. पुढचं कुणाला माहीत नाही. टपऱ्या तीन झाल्या हे खरं, पण तीनही उधारीवर चालतात.

आता मुख्य गोष्ट. गोळ्याची पोकळी यंत्रावर कोरतात, म्हणून तिथे कोअर लागत नाही, म्हणजे आम्ही लागत नाही. मॅनेजरने नोटीस लावली आहे. ज्या बायकांना गोळ्यांच्या पॅकिंगमध्ये कायम जागा हवी त्यांनी २८ फेब्रुवारीपर्यंत नाव द्यायचं. ज्या देणार नाहीत त्यांनी पंपाच्या खात्यात राहावं, पण खातं बंद झालं तर कंपनी बांधील नाही. सगळ्या माझ्याकडे येतात, कारण मी खात्याची मुकादम, आणि कारण माझा भाऊ राजधानीत बसतो. आमच्या खात्यातली ती उंच बाई काल म्हणाली, "तुमच्या भावाला विचारा. तो सांगेल तसं करू." मी तिला म्हटलं, तो जिन्याखाली बसतो. ती म्हणाली, "बसेना का, सरकारच्याच जिन्याखाली बसतो ना?"

गंमत सोड. पंप राहणार की जाणार? तुला माहीत नसेल तर माहीत नाही असं सांग. मी रागावणार नाही.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

आधी आईसाठी. एक डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांना विचारून औषध पाठवतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, आणि हे पत्र कुणाला दाखवू नकोस. अहवालावर संचालकांची सही झाली. सहाव्या प्रकरणाची पहिलीच शिफारस अशी आहे की लष्कराची नवी खरेदी दोन वर्षं थांबवावी आणि अर्धवट पाणी योजना आधी पूर्ण कराव्यात. उदाहरण म्हणून आपल्या गावची योजना घेतली आहे, बावीस पंप आणि कोरडे नळ यांच्यासकट. मंत्र्यांच्या सचिवांनी वाचून "उत्तम" असा शेरा मारला. तो शेरा मी डोळ्यांनी पाहिला.

तेव्हा नावं देऊ नका. पॅकिंगला एकदा गेलात तर कोअरचा हात जाईल आणि खातं उघडेल तेव्हा माणसं सापडणार नाहीत. उन्हाळ्याच्या आत उरलेले अडतीस पंप सुरू होतील. सगळ्यांना सांग, थांबा. माझा शब्द आहे.

धाकटा


१ मार्च

धाकट्या,

झालं. तीन जणी गेल्या, अडतीस थांबलो. अडतीस पंप आणि अडतीस बायका, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला एक, असं चष्मेवाल्या मावशी म्हणाल्या आणि सगळ्या खिदळल्या.

तुझं पत्र दाखवलं नाही. नुसतं सांगितलं की माझ्या भावाने शब्द दिला आहे. तुला वाटेल एवढ्यावर कशा थांबल्या. उंच बाईचा नवरा घरी बसून आहे, तिने शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत नोटिशीखाली उभं राहून विचार केला. मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुमच्या तोंडाकडे बघून थांबते." मॅनेजर म्हणाला, "बाई, तुम्ही यांचं नुकसान करताय." मी म्हटलं, साहेब, उन्हाळ्यात बोलू.

तुझे दाजी मात्र एवढंच म्हणाले, "सरकारी शब्द कागदावर असला तरी पुसता येतो." मी त्यांना म्हटलं, तो सरकार नाही, माझा भाऊ आहे.

औषधाने आईला उतार आहे. खरोखर आहे, नियमातला नाही.

ताई


२७ मार्च

ताई,

उत्तराला उशीर झाला, कामं फार. मला नवं क्वार्टर मिळालं, दोन खोल्या आणि एक खिडकी, खिडकीतून बाग दिसते. आईला शाल पाठवली आहे, तिचा रंग फिका वाटेल पण ऊब चांगली आहे.

इकडचं वातावरण एकदम बदललंय. सीमेवर काहीतरी झालं म्हणतात, नक्की काय ते कुणालाच माहीत नाही, पण दिवसभर रेडिओवर तेच. सरकार टिकवायला ज्या पक्षाची गरज आहे त्याला संरक्षण खातं हवं होतं, ते मिळालं. अहवालाची छपाई थोडी पुढे गेली. काही ठिकाणी शब्द बदलावे लागले, भाषेचं काम. तू काळजी करू नकोस.

दाजींना नमस्कार.

धाकटा


१९ एप्रिल

भाऊराया,

काल मंत्री आले होते. तोफगोळ्यांच्या दुसऱ्या शेडचं उद्घाटन. आम्हा अडतीस जणींना भट्टीच्या बाजूला उभं केलं, नव्या ओढण्या आणि टोप्या दिल्या, टाळ्या कुठे वाजवायच्या ते शिकवलं. मी पहिल्या रांगेत होते. मला वाटलं आता पंपाचं बोलतील. उंच बाईने माझा हात धरला होता.

मंत्र्यांनी तुझ्या अहवालाचं पुस्तक उघडलं. निळ्या कव्हरचं. म्हणाले, आमच्या तज्ज्ञांनी सिद्ध केलंय की लष्कराच्या मागणीने गरीब गावं उभी राहतात. आकडे कोरडे असतात म्हणून या तज्ज्ञांनी एका कष्टकरी बाईचे शब्द दिले आहेत, आणि योगायोगाने ती बाई याच गावची आहे. मग वाचलं, "आमच्या गावात आता संध्याकाळी कुणी रिकाम्या हाताने घरी जात नाही. भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरतो, आणि पोरांच्या पायात नवे बूट दिसतात."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, अरे. दोन वाजवल्या आणि मग कळलं की हे मी लिहिलंय. मी. माझ्या स्वयंपाकघरात बसून, तुझा खोकला जावा म्हणून.

तुला माहीत होतं. तूच लिहिलं होतंस, आपल्या घरची पत्रं कशी वाचायची ते मला शिकवू नकोस म्हणून. दुसरं पत्र तुझ्याकडे होतं. त्यात नळ होते, टँकर होता, आई होती. तू दोन्ही पत्रं टेबलावर ठेवलीस आणि त्यातलं एक उचललंस. चुकून नाही. निवडून.

भाषणानंतर मॅनेजरने कोअर खात्याला कुलूप लावलं. पॅकिंगच्या जागा मार्चमध्येच बाहेरून भरल्या. उंच बाईने माझा हात सोडला आणि फाटकाकडे चालू लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मावशी म्हणाल्या, "मुकादम, भावाने खरंच शब्द दिला होता का, की तुम्हीच आमच्या समाधानासाठी बोललात?"

काय सांगू?

ताई


२८ एप्रिल

ताई,

चार वेळा पत्र लिहिलं, चार वेळा फाडलं.

तुला सगळं सांगतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहावं प्रकरण काढलं. मी भांडलो. संचालकांनी मला वरच्या मजल्यावर नेलं, तिथे तीन माणसं होती, त्यातला एक निवृत्त सेनापती, जो आता ती यंत्रं आणणाऱ्या कंपनीत बसतो. ते म्हणाले, सत्तावीस देश कशाला, पाच पुरेत. तेच पाच. मी एकही आकडा खोटा लिहिला नाही, ताई. बावीस गाळले. मग म्हणाले, फार कोरडं झालंय, एखाद्या माणसाचा आवाज घाला. तुझं जानेवारीचं पत्र माझ्या फाइलीत होतं. तुझं नाव कुठे टाकलं नाही.

मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने लिहिलं असतं. मला त्यांनी उपसंचालक केलं. तू म्हणशील की विकला गेला. पण आत राहिलो तर पुढच्या वेळी काही करता येईल. बाहेर पडून काय करणार होतो? आणि एक सांग, तू लिहिलंस ते अगदी खोटं होतं का? बूट तर आले होते ना?

मी तुझा अपराधी आहे. पण एक विनंती आहे. ११ फेब्रुवारीचं माझं पत्र जाळून टाक. त्यात शेऱ्याबद्दल लिहिलंय. ते बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल, आणि आईचं औषध त्याच पगारातून येतं.

धाकटा


६ मे

"बूट तर आले होते ना." हे वाक्य मी दाजींना वाचून दाखवलं. ते उठून बाहेर गेले.

आईच्या औषधाची मला भीती घालू नकोस. आम्ही ते कालपासून आपलं आपण आणतो.

पत्र जाळलेलं नाही. कुणाला दाखवलेलंही नाही, कारण तू दाखवू नकोस म्हणालास आणि मी हो म्हटलं होतं. निदान एकाचा शब्द तरी राहू दे. माझं मागणं एवढंच आहे. रविवारी १८ तारखेला इकडे ये. फाटकापाशी या बायकांसमोर उभा राहा आणि सांग की शब्द मी दिला होता, ताईने बनवला नव्हता. दुसरं काही सांगू नकोस. सेनापती, पक्ष, पाच देश, काही नको. तुझ्या तोंडून दोन वाक्यं. चष्मेवाल्या मावशी मला "मुकादम" म्हणायच्या, आता "बाई" म्हणतात. मला या गावात राहायचं आहे.

ताई


११ मे

ताई,

येतो. तू म्हणतेस ते बरोबर आहे. रविवारी दुपारच्या बसने पोचतो. आईला सांग, जेवायला आहे.

धाकटा


१९ मे

धाकट्या,

एकतीस जणी आल्या होत्या. उंच बाईही आली, नवऱ्याला आणि धाकट्या मुलीला घेऊन. दुपारची बस आली तेव्हा मी पुढे गेले. एक म्हातारा उतरला आणि दोन पोती. मग दोनची आली. मग चारची.

गंमत म्हणजे तुझी बाजू त्याच घेत होत्या. मावशी म्हणाल्या, "टायर बसला असेल वाटेत." दुसरी म्हणाली, "मोठ्या जागेवरचा माणूस, ऐनवेळी मीटिंग निघाली असेल." आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मी काय म्हणते याकडे. मला सवय आहे या कामाची. तू गणितात नापास झालास तेव्हा पेपर अवघड होता असं मीच सांगितलं होतं. बाबा गेले आणि तू तिसऱ्या दिवशी आलास, तेव्हा तार उशिरा मिळाली असं मीच लोकांना सांगितलं. तार वेळेवर मिळाली होती, मला माहीत होतं. काल जिभेवर एक छान कारण तयारही होतं.

मी म्हटलं, बस वेळेवर आली. तो आला नाही. येणार नाही. त्याला सगळं मार्चपासूनच माहीत होतं.

मग पिशवीतून ११ फेब्रुवारीचं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं, सहावं प्रकरण, शेरा, अडतीस पंप, सगळं. "माझा शब्द आहे" इथे आल्यावर मी कागद मावशींकडे दिला, तेवढं त्यांनी चष्मा पुसून वाचलं. उंच बाईच्या नवऱ्याने ते पत्र कागदावर उतरवून घेतलं. तो ते पुढे कुणाला देणार ते मी विचारलं नाही. मूळ पत्र यासोबत परत पाठवते आहे, जाळायचं असेल तर तूच जाळ.

घरी आले तर आई नवी शाल घेऊन पलंगावर बसली होती, ताट झाकून ठेवलेलं. म्हणाली, "बसला उशीर झाला का गं?" मी म्हटलं, नाही आई. त्याने आपल्याला फसवलं. तिने दाराकडे बघितलं. "हळू बोल," म्हणाली, "दार उघडं आहे. बाहेर लोक उभे आहेत."

मी म्हटलं, आमच्या खात्यातल्याच बायका आहेत, मीच बोलावलंय त्यांना आत. आणि तुझं ताट उंच बाईच्या धाकट्या मुलीला दिलं.

ताई